चुलबंद आवतन

आचाऱ्याला लोक पहिला सवाल हाच करतात, की एवढ्या माणसांचा अंदाज तुम्हाला येतो तरी कसा? आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत, त्यांचं लक्ष बुंदीच्या परातीकडं गेलेलं असतं. आता माझे गुडघे गेलेत, भट्टीसमोर उभं राहवत नाही, परतूरला घरच्या ओट्यावर बसून असतो. तर आता फुरसतीनं सांगतो. अंदाज माणसांवरून येत नाही. आवतनावरून येतो.

आमच्या भागात जेवणाच्या बोलावण्याला आवतन म्हणतात. ते दोन तऱ्हेचं असतं. घरटी आवतन म्हणजे घरातला एकच माणूस, बहुतेक कर्ता गडी. तो येतो, जेवतो, मिशीवरून हात फिरवतो आणि जातो. दुसरं चुलबंद आवतन. त्यात अख्खं घर आलं. काठी टेकत येणारी म्हातारी, काखेतलं लेकरू, माहेराला आलेली लेक, सगळे. त्या दिवशी त्या घरातली चूल पेटायची नाही. चुलबंदाला एकदा हो म्हणलं आणि तरी घरात स्वैपाक केला, तर तो बोलावणाऱ्याचा बिलकुल अपमान समजायचे. अशा एका भाकरीवरून भावकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. म्हणून आचाऱ्यानं यजमानाला पैली गोष्ट विचारायची ती हीच, की घरटी का चुलबंद? त्यावरून पीठ भिजवायचं. आता पत्रिका मोबाइलवर येते, तिच्यावर दोन्हीतलं काही लिहिलेलं नसतं. माझा पोरगा केटरिंग करतो, तो म्हणतो, "अण्णा, प्लेटी मोजायच्या." मोज बाबा, मोज.

एकदा आष्टीला एका व्यापाऱ्याच्या घरी बारसं होतं. आवतन घरटी ठरलेलं. पण सांगायला पाठवला त्या बाबाला ऐकू कमी यायचं. त्यानं दारोदार चुलबंद सांगितलं. दुपारी बघतो तर आळीच्या आळी चालून येऊन राह्यलेली. व्यापारी माझ्यावर डोळे वटारू लागला, जसं काय मीच बोलावलं. मी म्हणालो, शेट, डोळे मंग वटारा, आधी दुकान उघडा आणि बेसन काढा. तीन कढया पिठलं टाकलं, वर लसणाची फोडणी, लाल मिरची. बारशाला पिठलं-भात! व्यापारी शिव्या द्यायला माझ्याजवळ आला तेवढ्यात पंगतीतून एक पाव्हणा ओरडला, "असं पिठलं जिंदगीत न्हाई खाल्लं, शेट!" शेटनं शिव्या गिळल्या आणि हात जोडून पंगतीत हिंडू लागला.

हे झालं हसण्याचं. पण आचाऱ्याला माणसं फार जवळून दिसतात, आणि ते सगळंच हसण्यासारखं नसतं. माझे वडील बी आचारी होते. त्यांनी बौद्ध वस्तीतलं काम कधी घेतलं नाही. मी घेतलं, आणि तिथंच पंगतीला बसून जेवलो. घरी आल्यावर आई कधी विचारायची नाही की कुठं जेवलास, आणि मी सांगायचो नाही. तिला सगळं ठाऊक होतं. ती जाईपर्यंत आमचं असंच चाललं. गावागावांत मी हेच पाहिलं. रीत मोडा, पण भांड्याचा आवाज होऊ देऊ नका. चारचौघांसारखं दिसायचं आणि आपलं तेवढं बाजूनं करून घ्यायचं. मला वाटायचं, जगायचा हाच बराबर रस्ता आहे. मग नाना माझ्याकडं आले.

नाना आष्टीच्या पुढच्या एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही. तालेवार कुणबी माणूस, डोक्याला पांढरी टोपी, आणि रितीचा असा पक्का की त्यांच्यासमोर पंगतीतून मधेच उठायची कुणाची छाती नव्हती. शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत पंगत बसलीच पाहिजे. कुणाच्या लग्नात मानपानावरून कुरबुर झाली की लोक म्हणायचे, नानाला बोलवा. आणि नाना सांगतील ते सगळे ऐकायचे. त्यांच्या घरचं प्रत्येक कार्य मी केलं. पंगत बसायच्या आधी माझं वरण ते स्वतः चाखायचे. "बाबुराव, गूळ कमी हाय." मला राग यायचा. कारण गूळ खरंच कमी असायचा.

त्यांना एकच मुलगा, सुभाष. त्याच्या लग्नाची बुंदी मी पाडली होती. सून मंदा, सेलूकडची, माहेरी कुणी न उरलेली, कमी बोलणारी, कामाला वाघीण. त्यांना पिंकी झाली. पिंकी अजून दुडूदुडू चालत होती, तेव्हा सुभाष विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि शॉक लागून तिथंच गेला. तेराव्याचा स्वैपाक मीच केला. वरणाची वाटी घेऊन नानांकडं गेलो, नेहमीसारखी. त्यांनी वाटीकडं पाहिलं बी नाही. म्हणाले, "बराबर असंल." त्यानंतर मी त्या घरचं वरण नानांना कधी चाखायला नेलं नाही.

काही वर्षं गेली. एक दिवस नाना एकटेच परतूरला माझ्या ओट्यावर येऊन बसले. पाणी प्याले आणि म्हणाले, "बाबुराव, पोरीचं लग्न काढलंय."

मी म्हणालो, "नाना, तुम्हाला पोरगी कुठाय?"

"मंदा."

त्यांनीच सांगितलं. स्थळ अंबडच्या बाजूचं. डेअरीवर नोकरीला, बायको बाळंतपणात गेलेली, माणूस निर्व्यसनी. "पिंकीला बी नेतो म्हणून राह्यलाय."

"नात बी देता, नाना?"

"मायबिगर लेकरू ठिवून घेऊन मी काय करू? ती रडली तर आमी दोघं म्हातारे तिच्यासंगं रडत बसू, दुसरं काय." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली, पुसली, परत घातली.

इथं शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. आमच्याकडं विधवेचं लग्न होतच नाही, असं नाही. होतं. त्याला पाट लावणं म्हणतात. दिवस मावळता गावाबाहेरच्या मारुतीला जायचं, चार गडी, गूळखोबरं वाटलं की संपलं. मांडव नाही, वाजंत्री नाही, हळद नाही. सवाष्णींनी तर ते बघायचं सुद्धा नाही, अशी समजूत. असं चुपचाप केलं की गाव दुसऱ्या दिवशी नव्या जावयाला रामराम घालतं. म्हणजे गावाची हरकत लग्नाला नव्हतीच. फक्त ते लग्नासारखं दिसू नये, एवढीच अट होती.

मी विचारलं, "मंग स्वैपाक किती धरू? चार माणसांचाच ना?"

"चुलबंद," नाना म्हणाले. "सगळ्या गावाला."

मी म्हणालो, "नाना, रागावू नका. पाट लावून टाका. न्हाईच तर घरटी आवतन द्या. घरागणिक एक गडी येईल, जेवल. तुमचा मान राहील, त्यांची बी अडचण होणार न्हाई."

"घरटी सांगितलं तर गडी येतेत. हळद गडी लावतेत का? मला बाया पाहिजेत, बाबुराव. पाच सवाष्णी तिच्या अंगाला हात लावून म्हणल्या पाहिजेत, सुखी राहा म्हणून. तेवढंच पाहिजे मला. दुसरं काई नको." मग एकदम आवाज चढला त्यांचा. "मी काय चोरी करून राह्यलो का? सून म्हणून दिवसाढवळ्या मांडवातून आणली तिला. लेक म्हणून अंधारात काढून देऊ? गावातल्या एकूणएक चुलबंदाला मी गेलोय. घरदार घेऊन गेलोय. एक दिवस गावानं माझ्याकडं यावं!"

पान-सुपारी घेतली आणि काम पकडलं. पण मनात पाल चुकचुकली. आयुष्यभर ज्या माणसानं गावाला रीत शिकवली, त्यानंच आता मोडायला घेतली होती, आणि ती बी पुऱ्या रितीनं, मांडव घालून, हळद दळून, चुलबंद आवतन देऊन. गाव बंडखोराला एक वेळ हसून सोडून देतं. पण नानांसारख्यानं असं केलं तर गावानं कुणाकडं बघायचं?

आवतन सांगायला नानांनी कुणाला पाठवलं नाही. ते आणि काकू, म्हणजे त्यांच्या मालकीणबाई, दोघं घरोघर गेले. काकूनं प्रत्येक दारात बाईला कुंकू लावलं आणि सांगितलं, "चुलबंद है बरं का माय, चूल पेटवू नका." सगळ्या बाया हो म्हणल्या. येऊ की, म्हणल्या. एकीनं बी नाही म्हणलं नाही. काकू मला आनंदानं सांगत होत्या. मला तेव्हाच वाटलं, एखादी तरी नाही म्हणली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही पहाटेच चुलंगण पेटवलं. जमिनीत लांब चर खणून वर कढया ठेवायच्या, त्याला आम्ही चुलंगण म्हणतो. पुऱ्या लाटायला माझ्याबरोबर तीन बाया होत्या, नेहमीच्याच. वांग्याची रस्साभाजी, वरण-भात, पुरी आणि बुंदी. सकाळी मंदा पिंकीचं बोट धरून भट्टीजवळ आली. मला म्हणाली, "काका, तिखट जरा हलकं ठिवा. बायांच्या पंगतीत बारके लेकरं असतेत." माझ्या सगळ्या जिंदगीत नवरीनं भट्टीजवळ येऊन दुसऱ्याच्या लेकरांची काळजी केलेली मी पाहिली नव्हती. मी निम्मी भाजी वेगळी काढून सौम्य केली.

हळदीची वेळ झाली. परातीत ओली हळद कालवून ठेवलेली. पाटावर मंदा बसलेली, वाजंत्रीवाले एक तुकडा वाजवून थांबले. बाई एक नाही. काकू दारात उभ्या. "येत असतेल. सकाळचं काम असतंय बायांला." ऊन मांडवात शिरलं. नाना रस्त्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. वऱ्हाड म्हणजे एक जीप होती, सगळे गडीच. नवरदेवाची एक म्हातारी आत्या आली होती, पण तिच्या कपाळाला बी कुंकू नव्हतं. ती लांबच बसून होती.

शेवटी काकू भट्टीजवळ आल्या. माझ्या तीन बायांकडं पाहून उभ्या राहिल्या. तिघींतल्या दोघी सवाष्णी. त्यांनी माना खाली घातल्या आणि पुऱ्या लाटत राहिल्या, एकीच्या हातातली पुरी लाटून लाटून फाटली तरी लाटत राहिली. तिसरी रुख्मिण. तिचा नवरा कधीच वारलेला. ती पटकन म्हणाली, "काकू, मी लावली असती वो." आणि आपले पिठाचे हात पदराखाली घेतले. काकूनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या परत गेल्या.

मंदाला हळद काकूनं एकटीनं लावली. लावताना म्हणत होत्या, "पैल्या टायमाला तुझी उष्टी हळद माझ्याच घरून आल्ती गं. आज बी माझीच घे." मी हातातला झारा खाली ठेवला आणि विहिरीकडं तोंड करून उभा राहिलो. डोळ्याला धूर लागला असं सांगायची सोय आचाऱ्याला असते.

मुहूर्ताची वेळ टळून चालली तरी नाना अंतरपाट धरू देईनात. थोडं थांबू, बाया येऊ द्या. मग मंदाच बोलली. सगळ्यांसमोर पहिल्यांदा बोलली असेल. "नाना, बास करा आता. मला कुणाची हळद नको. तुमी उन्हात उभे राहू नका." तेव्हा कुठं अक्षता पडल्या. आणि अक्षता पडता पडता गडी आले. एकेक घरातला एकेक. चुलबंद आवतनाला गावानं परस्पर घरटी करून टाकलं होतं.

पंगत बसली. नाना हात जोडून रांगेतून फिरू लागले, "सावकाश होऊ द्या, सावकाश." आणि प्रत्येकापाशी वाकून विचारायचे, "घरचे?"

"येऊन राह्यलेत, मागून."

पुढच्यापाशी, "घरचे?"

"मागून येतेत, नाना."

सगळ्यांचं एकच उत्तर, जसं काय ठरवून आले होते. त्यांचा जुना सोबती माधवराव तेवढा खरं बोलला. हातातला घास पत्रावळीवर ठेवून म्हणाला, "नाना, आमी कुठं नको म्हणलो वो? मारुतीला उरकलं असतं तर आमीच पुढं झालो असतो. हे दिवसा, मांडव घालून... बाया भेतेत. घरात लग्नाच्या पोरी हैत."

नानांना तो बोलला तेव्हा मी बुंदीची परात घेऊन शेजारीच होतो. मला वाटलं आता भडकतात. पण दारी जेवायला बसलेल्या माणसावर यजमान भडकत नाही. "याला बुंदी वाढा, बाबुराव," एवढंच ते म्हणाले. मला मात्र त्या दिवशी गावाचा असा राग आला की परात त्यांच्या पुढ्यात आपटावी वाटली. बुंदी खाऊन राह्यले आणि पोरीला हळद लावायला बायको पाठवत न्हाईत! पण मी बी वाढलीच. दोनदा वाढली.

मग नाना म्हणाले, बायांची पंगत मांडा. मी म्हणालो, आल्यावर मांडू. ते म्हणाले, मांडा. पोरांनी मांडवभर पत्रावळी मांडल्या, वर पाण्याचे गलास. वारा सुटला तशा पत्रावळी उडू लागल्या, तर नाना खडे वेचून एकेकीवर ठेवू लागले. तेवढ्यात जीपवाला घाई करू लागला. मंदा नानांच्या पाया पडली, उठेना. काकूनं पिंकीला उचलून जीपमध्ये बसवलं. पिंकीला वाटलं गावाला चाललो, ती आजोबाला म्हणत होती, "तुमी बी बसा ना." जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत दोघं म्हातारे रस्त्यावर उभे होते.

दिवस कलला. मी भट्टी विझवायला घेतली तर नाना म्हणाले, "थांबा जरा." अजून बी वाट पाहून राह्यले होते. आमचा टेम्पोवाला गावात कुणाकडं तरी जाऊन बसला होता, त्याला आणायला मी गल्लीतून निघालो. आणि चालता चालता मला काही तरी चुकल्यासारखं वाटू लागलं. आचाऱ्याचं नाक आहे हे. त्या गल्लीत कशाचाच वास नव्हता. फोडणी नाही, भाकरी नाही. आता गॅस आलेत, धूर कुठं दिसतो म्हणा, पण कुकरची एक शिट्टी तरी ऐकू यावी? एका दारात एक तरणी बाई लेकराला पाण्यात बुडवून बिस्कीट चारत होती. लेकरू किरकिर करत होतं.

मी विचारलं, "जेवण झालं का, माय?"

ती खाली बघून म्हणाली, "चुलबंद है ना आज."

"मंग आल्या का न्हाईत?"

"घरातून न्हाई म्हणले, काका. आमाला बी लेकी हैत."

"मंग घरी तरी शिजवायचं!"

"काकूला हो म्हणलं व्हतं," ती म्हणाली. "कुंकू लावून घेतलं. चूल कशी पेटवावी?"

मी पुढच्या दारात विचारलं, त्याच्या पुढच्या. तेच. गडी नानांकडं जेवून येऊन ढेकर देत पारावर बसले होते आणि गावातल्या बाया सकाळपासून उपाशी होत्या. मांडवात यायची हिंमत झाली नाही, आणि शब्द मोडायची बी झाली नाही. दोन्हीकडचं सांभाळता सांभाळता त्या पोटाला चिमटा घेऊन बसल्या होत्या. मघाचा राग कुठं ठेवावा तेच मला कळेना. टेम्पोवाल्याला विसरून मी माघारी आलो आणि नानांना सांगितलं.

नाना उठले. "सकाळपून उपाशी? लेकरंबाळं बी? आरं, मंग बघत काय बसलात! वाढा, जल्दी करा!" घरातले डबे, पातेली, कळशा, हाताला येईल ते भांडं काढलं. रुख्मिण आणि दोघी बाया भाजी-पुऱ्या घेऊन निघाल्या. वरणाची बादली नानांनी स्वतः उचलली. मी ती काढून घ्यायला गेलो तर म्हणाले, "सोडा." गावाचा निवाडा करणारा माणूस, टोपी मानेवर सरकलेली, दारोदार वाकून बायांना वरण वाढत होता. बाया पदर डोळ्यांपर्यंत ओढून भांडं पुढं करायच्या. लेकरं तेवढी म्हणायची, आजून वाढा.

आमच्याकडं शेजारच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर धान्य, साखर, काही तरी घालून देतात. बाया आपल्या घरातल्या भांड्यांत जेवण काढून घेऊन भाजी-पुऱ्यांची आमची भांडी परत देत होत्या. रुख्मिणीनं अंगणात येऊन पहिला डबा खाली ठेवला आणि मला खुणेनं बोलावलं. डब्याच्या तळाला चिमूटभर हळद होती. दुसऱ्या पातेल्यात बी. एकीनं पानात बांधून दिली होती, एकीनं कुंकवाचा करंडाच अर्धा रिकामा करून वर हळद टाकली होती. सगळ्यांनी नाही दिली. पण पाचांपेक्षा कितीतरी जास्त घरांनी दिली होती.

काकूनं भांड्याभांड्यातली हळद बोटानं काढून परातीत जमवली. चांगली ओंजळभर झाली. मग परात उचलताना त्यांच्या तोंडून सवयीनं हाक गेली, "मंदे, जरा धर गं."

आतून कुणी ओ दिली नाही. काकू तशाच उभ्या राहिल्या, हातात परात घेऊन. नाना रिकामी बादली घेऊन दारात आले. त्यांनी परातीकडं पाहिलं, सगळं समजले, आणि अंगणातल्या त्या मांडलेल्या पत्रावळींमध्ये खाली बसून मला म्हणाले,

"बाबुराव, आता ही कुणाला लावू?"